अहवाल ‘नॉर्मल’, त्रास मात्र कायम
थायरॉइडच्या उपचारानंतरही न हटणारी लक्षणे : कारणे आणि उपाय

थायरॉइडची गोळी रोज वेळेवर घेतली जात आहे, रक्ततपासणीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला आहे, आणि तरीही दुपार होता होता अंगातील त्राण संपते. केस गळतात, वजन उतरत नाही, बद्धकोष्ठता जात नाही, परिचितांची नावे ऐन वेळी आठवत नाहीत. थायरॉइडच्या अनेक रुग्णांचा, विशेषतः स्त्रियांचा, हा अनुभव आहे. डॉक्टर अहवालावर दृष्टी टाकून ‘सर्व ठीक आहे’ असे सांगतात. घरातही मग ‘अहवाल तर चांगला आला, आता काय होतंय?’ अशी विचारणा होते. हळूहळू रुग्णाला स्वतःच्याच शरीराविषयी शंका वाटू लागते.

ही तक्रार वैद्यकशास्त्राला अपरिचित नाही. युरोपियन थायरॉइड असोसिएशनने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिची स्पष्ट दखल घेतली आहे. थायरॉक्सिनच्या गोळीने रक्तातील पातळी पूर्ववत झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये लक्षणे शिल्लक राहतात, असे त्यात नमूद आहे.

भारताच्या दृष्टीने हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. मुंबई, गोवा, दिल्ली, अहमदाबाद, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई आणि कोलकाता या आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात १०.९५ टक्के व्यक्तींना थायरॉइडच्या न्यूनतेचा विकार आढळला. स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते.

ग्रंथीचे कार्य

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, फुलपाखराच्या आकाराची असते. ती प्रामुख्याने दोन संप्रेरके तयार करते. पहिले थायरॉक्सिन अर्थात टी-४; त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. दुसरे टी-३, त्यात तीन अणू असतात. ग्रंथीतून मुख्यत्वे टी-४ स्रवते. पेशींवर प्रत्यक्ष परिणाम घडवणारे संप्रेरक मात्र टी-३ आहे. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, स्नायू अशा अवयवांत टी-४ मधील एक आयोडीन अणू काढून टाकला जातो आणि त्यापासून टी-३ तयार होते. हृदयाची गती, शरीराची उष्णता, आतड्यांची हालचाल, त्वचेची व केसांची वाढ, मेंदूची तरतरी या सर्वांवर त्याचा प्रभाव असतो.

या व्यवस्थेवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे नियंत्रण असते. रक्तातील थायरॉइड संप्रेरके कमी पडली की ही ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. ती वाढली की टीएसएच घटते. म्हणूनच टीएसएचची चाचणी निदानासाठी प्रमुख मानली जाते.

ग्रंथीची न्यूनता उद्भवण्याचे आज सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे हाशिमोटोचा विकार होय. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचे प्रथम वर्णन केले. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी क्रमाने निकामी होत जाते. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकल्यास किंवा किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारानंतरही न्यूनता येते.

‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ

बहुतेक प्रयोगशाळांच्या अहवालात टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४ अशी दिलेली असते. निरोगी व्यक्तींच्या मोठ्या समूहाची तपासणी करून, त्यातील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे घेऊन ही मर्यादा ठरवली जाते. ती समूहाची मर्यादा असते. एका व्यक्तीच्या शरीराची स्वाभाविक पातळी त्यापेक्षा पुष्कळच अरुंद पट्ट्यात राहते. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांची वर्षभर दरमहा तपासणी करण्यात आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्रत्येकाच्या आकड्यांमधील चढउतार समूहाच्या मर्यादेच्या मानाने सुमारे निम्माच असल्याचे दिसून आले.

याचा अर्थ असा की, आजारापूर्वी ज्याची स्वाभाविक पातळी १ च्या आसपास होती, त्याचा ३.८ हा आकडा कागदावर ‘नॉर्मल’ असला तरी त्याच्या दृष्टीने तो बदललेला असू शकतो. अशा वेळी मात्रेत अल्प फेरफार करून पाहता येईल का, हा प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना विचारणे रास्त ठरते.

तथापि त्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवणेही योग्य नव्हे. ऑस्ट्रेलियात ५६ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थायरॉक्सिनची मात्रा थोडी कमी-अधिक करून पाहण्यात आली. कोणती मात्रा सुरू आहे हे रुग्णांना ठाऊक नव्हते. त्यांच्या लक्षणांत किंवा स्वास्थ्यात मोजण्याजोगा फरक आढळला नाही.

टीएसएचचा आकडा दिवसभरात बदलतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. तो रात्री वाढतो आणि दुपारी उतरतो. एकदा सकाळी सात वाजता आणि पुढच्या वेळी दुपारी तीन वाजता रक्त दिल्यास दोन अहवालांची तुलना फसवी ठरू शकते. मोठ्या आजारपणातही हे आकडे हलतात. म्हणून चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच वेळी करावी.

गोळी घेतली, पण शोषली गेली का?

लक्षणे कायम राहिल्यास प्रथम तपासण्याची बाब अगदी साधी आहे. ती म्हणजे गोळी घेण्याची पद्धत. थायरॉक्सिनचे शोषण लहान आतड्यात होते आणि पोटात अन्न असल्यास ते घटते. म्हणून ही गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही खाऊ-पिऊ नये, असा सल्ला दिला जातो.

घरोघरीचा व्यवहार पुष्कळदा वेगळा असतो. पहाटे उठून डबे करायचे, मुलांना शाळेत धाडायचे आणि लोकल गाठायची, या धावपळीत गोळी आणि चहा एकाच वेळी पोटात जातात. न्याहारीबरोबरच लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्याही घेतल्या जातात. कॉफी, सोयाबीनचे पदार्थ, लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील काही औषधे थायरॉक्सिनच्या शोषणात अडथळा आणतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये थायरॉक्सिनपासून किमान चार तासांचे अंतर ठेवणे आवश्यक आहे.

ज्यांना सकाळी हे अंतर पाळणे अशक्य आहे, त्यांना रात्री झोपताना गोळी घेण्याचा पर्याय उपलब्ध आहे. नेदरलँड्समधील २०१० सालच्या एका चाचणीत रात्री गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातील पातळीत सुधारणा दिसली. जीवनमानाच्या मोजमापात मात्र फरक पडला नाही. रात्रीचे जेवण आणि गोळी यांत सुमारे तीन तासांचे अंतर असावे आणि हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

गोळ्या उष्णता, दमटपणा आणि प्रकाश यांपासून दूर ठेवाव्यात. शेगडीजवळचे फडताळ किंवा न्हाणीघर ही जागा त्यासाठी योग्य नाही. उत्पादक कंपनी बदलल्यास परिणामात किंचित फरक पडू शकतो. म्हणून बदल झाल्यास सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. रक्तातील थायरॉक्सिनचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यानंतर नवी पातळी स्थिर होण्यास तेवढा अवधी लागतोच. पंधरा दिवसांत पुन्हा चाचणी करून काही हाती येत नाही.

केसांची गोळी आणि चुकीचा अहवाल

केस गळतात म्हणून अनेक जण बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच सुरू करतात. अनेक प्रयोगशाळांतील चाचणीच्या रासायनिक प्रक्रियेत बायोटिनचा वापर होतो. त्यामुळे रक्तात बायोटिन अधिक असल्यास टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टी-४ व टी-३ प्रत्यक्षापेक्षा अधिक असल्याचे दिसू शकते. अशा वेळी न्यूनता असलेल्या रुग्णाचा अहवालही ‘नॉर्मल’ भासतो. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस अशी गोळी थांबवावी आणि ती घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कारण अन्यत्र असू शकते

थकवा, वजनवाढ, उदासी, विस्मरण, अंगदुखी ही लक्षणे थायरॉइडच्या विकाराची खास ओळख नव्हेत. ती इतर अनेक विकारांतही दिसतात. एकदा ‘थायरॉइड आहे’ असे ठरले की पुढील प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जमा होते आणि दुसरा उपचारयोग्य विकार दुर्लक्षित राहतो, हा यातील मोठा धोका आहे.

भारतात सर्वप्रथम विचार करावा लागतो तो रक्तक्षयाचा. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी असेल तर थायरॉक्सिनची मात्रा कितीही अचूक असली तरी धाप आणि थकवा जाणार नाही. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा आटलेला असू शकतो. फेरिटिनच्या चाचणीतून तो कळतो.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे दुसरे कारण. शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती विशेष आढळते. हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल होणे, विसराळूपणा ही तिची लक्षणे होत. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने स्नायू व हाडे दुखतात.

हाशिमोटोच्या विकाराबरोबर प्रतिकारशक्तीचे अन्य विकारही संभवतात. गव्हातील ग्लूटेन न सोसणारा सिलिअॅक विकार असेल तर पोटाच्या तक्रारींबरोबर गोळीचे शोषणही बिघडते. पहिल्या प्रकारचा मधुमेह, परनिशस अॅनिमिया आणि अधिवृक्क ग्रंथीची न्यूनता यांचाही संबंध असू शकतो. सतत वजन घटणे, उभे राहताच चक्कर येणे, त्वचा काळवंडणे, मिठाची ओढ लागणे अशी लक्षणे असल्यास अधिवृक्क ग्रंथीची तपासणी तातडीने करणे आवश्यक ठरते.

झोपेत घोरणे व श्वास अडखळणे, रजोनिवृत्तीचा काळ, अन्य आजारांवरील काही औषधे आणि नैराश्य हीदेखील नेहमी आढळणारी कारणे आहेत. नैराश्याचा उल्लेख केला म्हणजे रुग्णाची तक्रार काल्पनिक ठरवली, असे होत नाही. तो स्वतंत्र आणि बरा होणारा विकार आहे.

टी-३ चा वाद

लक्षणे न हटलेल्या रुग्णांमध्ये सर्वाधिक चर्चा होते ती टी-३ च्या गोळीची. या वादाला इतिहास आहे. १८९१ साली इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी न्यूनतेने गंभीर आजारी असलेल्या एका महिलेला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. पुढे अनेक दशके प्राण्यांच्या वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्या दिल्या जात. त्यांत टी-४ आणि टी-३ ही दोन्ही संप्रेरके असत. अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ साली थायरॉक्सिन वेगळे केले. टी-३ चा शोध १९५२ साली जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी लावला. टी-४ पासून शरीरात टी-३ तयार होते हे १९७० साली सिद्ध झाल्यानंतर केवळ थायरॉक्सिन देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

ही पद्धत बहुसंख्य रुग्णांना लागू पडते. मात्र केवळ थायरॉक्सिन घेणाऱ्यांच्या रक्तात टी-४ किंचित अधिक आणि टी-३ किंचित कमी राहण्याकडे कल असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. लिथुआनियातील ३३ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही संप्रेरके एकत्र दिल्याने मनःस्थिती सुधारल्याचे आढळले आणि मोठी आशा निर्माण झाली. नंतरच्या बहुतेक चाचण्यांत ती टिकली नाही. ११ चाचण्यांतील १,२१६ रुग्णांची माहिती एकत्र करून २००६ साली केलेल्या विश्लेषणात थकवा, वेदना, नैराश्य व जीवनमान यांत दोन्ही पद्धतींमध्ये फरक दिसला नाही.

तरीही हा विषय मिटलेला नाही. टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर करणाऱ्या विकराच्या जनुकात काही व्यक्तींमध्ये भेद असतो; अशांना संयुक्त उपचाराचा लाभ होत असावा, असा एक तर्क आहे. तो अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही. युरोपियन थायरॉइड असोसिएशनच्या सूचनांनुसार, इतर सर्व कारणे तपासल्यानंतरच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मर्यादित काळासाठी संयुक्त उपचाराचा प्रयोग करता येतो. तीन महिन्यांत उपयोग न झाल्यास तो थांबवावा, असेही त्यात म्हटले आहे. गर्भवती स्त्रिया आणि हृदयाच्या गतीचा विकार असलेले रुग्ण यांच्यासाठी तो सुचवलेला नाही. प्राण्यांच्या ग्रंथीपासून केलेल्या गोळ्यांत टी-३ चे प्रमाण मानवी ग्रंथीतील प्रमाणापेक्षा बरेच अधिक असते, हेही जाणून घेणे हिताचे आहे.

प्रतिपिंडांचा प्रश्न

हाशिमोटोच्या विकारात टीपीओ या विकराविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आढळतात. थायरॉक्सिनने संप्रेरकाची उणीव भरून निघते. प्रतिकारशक्तीचा विकार त्याने थांबत नाही. काही रुग्णांच्या थकव्याचे मूळ या प्रक्रियेतच असावे का, याचा शोध सुरू आहे.

नॉर्वेतील १५० रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडांची पातळी अतिशय उच्च असलेल्या आणि औषधोपचारानंतरही त्रास कायम असलेल्या रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढून टाकल्यावर त्यांचा थकवा कमी झाला. परंतु शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १४ टक्के रुग्णांमध्ये गुंतागुंत उद्भवली. स्वरयंत्राच्या मज्जातंतूला किंवा कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या ग्रंथींना इजा होण्याची शक्यता या शस्त्रक्रियेत असते. त्यामुळे हा नेहमीचा उपचार ठरलेला नाही.

मात्रा वाढवण्याचा मोह

अंगात उत्साह यावा म्हणून काही रुग्ण स्वतःच गोळीची मात्रा वाढवतात. आरंभी बरे वाटते. पुढे छातीत धडधड, हातांना कंप, निद्रानाश आणि चिडचिड सुरू होते. दीर्घकाळ अधिक मात्रा घेतल्यास हृदयाची गती अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांनी व वृद्धांनी याबाबत विशेष सावध राहावे.

वजनाविषयीही गैरसमज आहेत. थायरॉइडच्या न्यूनतेमुळे होणारी वजनवाढ सामान्यतः दोन ते पाच किलोंची आणि बरीचशी पाणी व क्षार साचल्यामुळे असते. त्याहून अधिक वाढलेले वजन केवळ गोळीने उतरत नाही.

‘थायरॉइडसाठी नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांपासूनही दूर राहणे श्रेयस्कर. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा दहा उत्पादनांपैकी नऊ उत्पादनांत टी-३ हे संप्रेरक आढळले होते. आयोडीनच्या अतिरिक्त गोळ्याही स्वतःहून घेऊ नयेत. हाशिमोटोच्या विकारात जादा आयोडीनने ग्रंथीचे कार्य अधिक बिघडू शकते. घरातील आयोडीनयुक्त मीठ नेहमीच्या प्रमाणात घेण्यास हरकत नाही.

मूळ निदानाची फेरतपासणी

काही रुग्णांच्या बाबतीत लक्षणांचे कारण थायरॉइड कधीच नव्हते, अशीही शक्यता असते. टीएसएच थोडेसे वाढलेले आणि टी-४ सर्वसाधारण असेल तर त्या अवस्थेला सुप्त न्यूनता म्हणतात. थकव्याच्या तक्रारीवरून केलेल्या तपासणीत असा आकडा आला की अनेकदा गोळी सुरू होते. ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुप्त न्यूनतेसाठी थायरॉक्सिन दिल्याने थकवा किंवा अन्य लक्षणांत लाभ दिसला नाही. उपचार सुरू होण्यापूर्वीचे जुने अहवाल जपून ठेवावेत आणि नव्या डॉक्टरांना दाखवावेत, ते यासाठीच. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

डॉक्टरांकडे जाताना

‘बरे वाटत नाही’ या एका वाक्यावरून डॉक्टरांना फारसे काही उमगत नाही. त्याऐवजी तीन-चार आठवड्यांची नोंद ठेवल्यास चित्र स्पष्ट होते. गोळी किती वाजता घेतली, त्यानंतर किती वेळाने चहा किंवा न्याहारी झाली, झोप किती लागली, मासिक पाळीचे दिवस कोणते, कोणत्या वेळी थकवा सर्वाधिक जाणवला, एवढे लिहिले तरी पुरे. सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी त्यासोबत असावी. त्यात आयुर्वेदिक औषधे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याही याव्यात.

भेटीच्या वेळी तीन प्रश्न विचारावेत : मात्रा आणि घेण्याची पद्धत योग्य आहे का, लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व, साखर यांची तपासणी झाली आहे का, आणि संप्रेरकतज्ज्ञांचा सल्ला घेण्याची आवश्यकता आहे का. गर्भधारणा झाल्यास किंवा तिचा विचार असल्यास लगेच सांगावे, कारण गर्भारपणात थायरॉक्सिनची गरज वाढते.

दैनंदिन जीवनात थकव्याशी जुळवून घेतानाही काही पथ्ये उपयोगी ठरतात. बरे वाटलेल्या दिवशी साचलेली सर्व कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळायचे, हे चक्र टाळावे. कामे आठवडाभर वाटून घ्यावीत. दररोज दहा मिनिटे चालण्यापासून आरंभ करून व्यायाम हळूहळू वाढवावा. झोपेची वेळ निश्चित ठेवावी. घरातील कामांची वाटणी हाही उपचाराचाच भाग मानावा.

छातीत दुखणे, सतत धडधड, श्वास घेण्यास त्रास किंवा असाधारण गुंगी असल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. जगणे नकोसे वाटत असल्यास केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास साहाय्य मिळते.

या रुग्णांपैकी अनेकांच्या त्रासाचे कारण नेटाने शोधल्यास सापडते आणि ते दूर करता येते. काहींच्या बाबतीत ते सापडत नाही; त्यांच्यासाठी आज ठोस उत्तर नाही. परंतु सर्वसाधारण आलेला अहवाल रक्तातील संप्रेरकाच्या पातळीपुरताच बोलतो, रुग्णाचा त्रास खोटा असल्याचे तो सांगत नाही. डॉक्टरांनी आणि कुटुंबीयांनी एवढे मान्य केले, तरी पुढील तपासाची वाट मोकळी होते.